टक्के उतारा व प्रायोगिक चुका

टक्के उतारा म्हणजे रासायनिक विक्रियेतून प्रत्यक्ष हाती आलेल्या पदार्थाचे, समीकरणावरून निघणाऱ्या कमाल वजनाशी असलेले शेकडा प्रमाण. ‘उत्पाद’ हा शब्दही वापरतात. साखरेमुळे सर्वांच्या कानावरचा ‘उतारा’ अधिक नेमका.

संकल्पनेचा उगम सामान्यतः जर्मन रसायनज्ञ येरेमियास रिश्टर यांच्या १७९२च्या सुमारास निघू लागलेल्या ग्रंथाशी जोडतात. मात्र रिश्टर यांचा विषय संयोगी वजनांचे (एकमेकांशी संयोग पावणाऱ्या पदार्थांच्या वजनांचे) प्रमाण हा होता. हिशेबाला आजचे रूप १८६०च्या रसायनज्ञांच्या कार्ल्सरूए परिषदेनंतर, अणुभारांबाबतचा गोंधळ निवळल्यावर आले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

चुकांचे स्वरूप कोकण किनाऱ्यावरील शिंपल्यांच्या चुन्यात चांगले दिसते. कालव, तिसऱ्या यांची कवचे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची असतात. कार्बोनेट शुद्ध धरल्यास १० ग्रॅम भुकटी भाजून ५.६० ग्रॅम कळीचा चुना मिळावा. त्यातील एक दशांश भुकटी कच्ची राहिली तर मुशीत ६.०४ ग्रॅम उरतात आणि उतारा १०८ टक्के दिसतो. काढताना त्यातले ०.४४ ग्रॅम सांडले, की वहीत नेमके १०० टक्के! दोन चुका एकमेकींना झाकतात. म्हणून केवळ आकड्यावरून प्रयोग पारखू नये.

पावसाळ्यात यात भर पडते. दमट हवेत उघडी ठेवलेली मूस पाणी ओढते, ५.६० ग्रॅम चुना पूर्ण विरला तर ७.४० ग्रॅम भरतो. उलट मूस गरम असतानाच तराजूवर ठेवल्यास वर चढणाऱ्या हवेमुळे वजन कमी दिसते. डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद पात्रात) थंड करून, वजन स्थिर होईपर्यंत पुन्हा भाजणे हा उपाय. मात्र कार्बोनेट पुरते फुटून चुना होण्यास सुमारे ९००° से. तापमान लागते आणि साध्या बर्नरवर चिनी मातीच्या मुशीत ते गाठणे कठीण. थोडा नमुना पाण्यात भिजवून त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकावे: बुडबुडे आले तर कार्बोनेट उरले आहे (किंवा चुन्याने हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेतला आहे), न आले आणि वजन तरी जास्त, तर दोष बहुधा ओलाव्याचा.

सेंद्रिय प्रयोगांत घट अधिक. ॲसिटॅनिलाइड हा स्फटिकरूप सेंद्रिय पदार्थ १०० मिलि. थंड पाण्यात सुमारे अर्धा ग्रॅम विरघळते. ५ ग्रॅमचे तेवढ्याच पाण्यात पुनःस्फटिकीकरण केल्यास (गरम करून विरघळवून, थंड करून पुन्हा स्फटिक मिळवल्यास) दहावा हिस्सा गाळणीखालच्या द्रवातच जातो.