जळीत वॉर्डातून घरी आल्यावर: मदतीच्या कामाची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाआधी निम्मं अंग भाजलेला माणूस क्वचितच वाचायचा. भाजलेल्या जागेतून अंगातलं पाणी आणि प्रथिनं झिरपून जायची आणि दीड-दोन दिवसांतच रक्तदाब कोसळायचा. त्यातून तगला, तर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जंतुसंसर्ग गाठायचा. साहजिकच अशा माणसाने पुढे कमवायचं कसं, लोकांत मिसळायचं कसं, आरशात बघायचं कसं, हे प्रश्न फारसे कुणापुढे उभेच राहत नव्हते. आज जळीतग्रस्तांसाठी काम करणारे ट्रस्ट, त्वचापेढ्या, वॉर्डात जाणारे स्वयंसेवक या सगळ्यांची सुरुवात माणसं वाचायला लागली तिथून होते.

वाचवण्याचं गणित पंचवीसेक वर्षांत बसत गेलं. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री अमेरिकेत बॉस्टनच्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइटक्लबला आग लागली आणि ४९२ माणसं गेली. त्या रुग्णांवरच्या उपचारांतून शिरेतून द्रव किती आणि कधी द्यायचा, याचा अभ्यास पुढे सरकला. अंग किती टक्के भाजलं हे मोजण्यासाठी १९५१ मध्ये वॉलेस या ब्रिटिश सर्जननी ‘नऊचा नियम’ मांडला: डोकं ९ टक्के, एकेक हात ९, एकेक पाय १८, छाती-पोट १८, पाठ १८ आणि उरलेला १ टक्का जांघेचा. साठच्या दशकाच्या शेवटी डॅलसच्या पार्कलँड रुग्णालयातून सलाइनचं सूत्र आलं: वजन गुणिले भाजल्याची टक्केवारी गुणिले ४ मिलिलिटर. ५० किलो वजनाची बाई ४० टक्के भाजली असेल, तर पहिल्या २४ तासांत ८ लिटर, आणि त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. हे ८ तास भाजल्या क्षणापासून मोजायचे, रुग्णालयात पोचल्यापासून नव्हे. तालुक्याच्या गावातून सलाइनशिवाय चार-पाच तास प्रवास झाला, तर निम्मी संधी रस्त्यातच जाते. इतकं पाणी आत गेल्यावर दुसऱ्या दिवशी चेहरा सुजतो, डोळे मिटतात आणि ‘सलाइनने बिघडवलं’ म्हणत नातेवाईक रुग्णाला उचलून दुसरीकडे न्यायला निघतात. ही सूज अपेक्षित असते आणि काही दिवसांत उतरते, एवढं आधीच सांगणारं माणूस बाकावर शेजारी बसलेलं असलं, तरी मोठं नुकसान टळतं.

नंतरच्या आयुष्याचा विचार मात्र एका छोट्या इंग्रजी गावात सुरू झाला. लंडनच्या दक्षिणेला ईस्ट ग्रिन्स्टेड म्हणून गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या क्वीन व्हिक्टोरिया रुग्णालयात प्लास्टिक सर्जन आर्चिबाल्ड मॅकिंडो यांच्याकडे पेटत्या विमानातून बाहेर पडलेले तरुण वैमानिक येत. हात आणि चेहरा, हीच दोन ठिकाणं सर्वात जास्त भाजलेली असत. तेव्हाची पद्धत टॅनिक ॲसिड लावायची होती. त्याने जखमेवर कातड्यासारखी कडक खपली धरायची आणि आत बोटं आकसून जायची. समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या जखमा बऱ्या दिसतात, हे मॅकिंडो यांच्या लक्षात आलं. त्यांनी टॅनिक ॲसिड बंद करून मिठाच्या कोमट पाण्याचे टब सुरू केले.

त्याहून महत्त्वाचं काम त्यांनी वॉर्डाबाहेर केलं. रुग्णांना रुग्णालयाचे निळे कपडे घालायला न लावता स्वतःचा गणवेश घालू दिला. गावातल्या कुटुंबांना भेटून सांगितलं, की ही मुलं रस्त्यावर दिसली तर नजर चुकवू नका आणि टक लावूनही बघू नका, त्यांना घरी चहाला बोलवा. गावाने ते मनावर घेतलं. ‘न्याहाळून न बघणारं गाव’ अशी त्याची ओळख झाली. नव्वद दिवसांत बरा न झालेल्याला हवाई दलातून कमी करायचा नियम होता. तो बदलून घेण्यासाठीही मॅकिंडो भांडले, कारण एकेका रुग्णाच्या शस्त्रक्रिया दोन-तीन वर्षं चालत. जुलै १९४१ मध्ये रुग्णांनीच ‘गिनी पिग क्लब’ काढला. खजिनदार पाय भाजलेला निवडला, म्हणजे पैसे घेऊन पळणार नाही. चिटणीस बोटं भाजलेला, म्हणजे इतिवृत्तं लांबणार नाहीत. युद्ध संपेपर्यंत सभासद ६४९ झाले. त्यांच्या भेटीगाठी २००७ पर्यंत चालू राहिल्या. भाजलेल्या माणसाला भाजून उभा राहिलेला माणूस भेटला पाहिजे, ही जगभरच्या आधारगटांची कल्पना इथे रुजली. अमेरिकेत हेच काम ‘फीनिक्स सोसायटी’ने केलं. १९६३ च्या विमान अपघातात भाजलेल्या ॲलन ब्रेस्लाउ यांनी ती १९७७ मध्ये स्थापन केली.

कुटुंबांकडे लक्ष गेलं तेही बॉस्टनच्या आगीमुळे. मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडेमन यांनी वाचलेल्यांचा आणि मृतांच्या नातेवाइकांचा शोक अभ्यासला आणि १९४४ मध्ये त्यावर निबंध लिहिला. त्यात अपराधीपणाची भावना ठळक होती. आपल्याकडे ती रोज दिसते. अंघोळीचं उकळतं पाणी जमिनीवर ठेवलं आणि रांगतं मूल त्यात पडलं, की आईचा घास थांबतो, आणि घरचेही तिलाच बोल लावतात. मुलाच्या खाटेशी जाणाऱ्या स्वयंसेवकाने आधी आईशी बोलावं.

आता मुंबईकडे. भाजलेल्यांची संख्या प्रचंड, पैसा तुटपुंजा, आणि परदेशी ड्रेसिंग परवडणारी नव्हती. वाडिया बालरुग्णालयात काम केलेल्या डॉ. मनोहर केसवानी आणि सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर बसवून, निर्जंतुक करून जखमेवर वापरल्या. १९८५ मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. साल ओलावा धरून ठेवते आणि जखमेला चिकटत नाही, त्यामुळे ड्रेसिंग बदलताना मूल किंचाळत नाही. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग अभ्यासलं. ते बटाट्याच्या सालीपेक्षाही स्वस्त आणि करायला सोपं निघालं. २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. ही पानं घरच्या घरी बांधायची नसतात. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, निर्जंतुक न केलेलं पान जखमेत जंतूच सोडतं.

भाजतं कोण, हेही इथे वेगळं आहे. भारतात २००१ साली आगीने सुमारे १,६३,००० मृत्यू झाले आणि त्यांत सुमारे १,०६,००० स्त्रिया होत्या, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या बहुतेक १५ ते ३४ वयातल्या. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ या वाक्याआड काय असू शकतं, हे महिला संघटनांनी ऐंशीच्या दशकात मोर्चे काढून सांगितलं. तेव्हाच्या भारतीय दंडविधानात १९८३ मध्ये ४९८अ (सासरचा छळ) आणि १९८६ मध्ये ३०४ब (हुंडाबळी) ही कलमं आली. म्हणून जळीत वॉर्डातल्या स्वयंसेवकाला एक शिस्त पाळावीच लागते. भाजलेल्या बाईचा जबाब घेताना खोलीत थांबायचं नाही, आधी ‘असं सांग, तसं सांग’ म्हणायचं नाही, तिने आपणहून काही सांगितलं तर ताबडतोब डॉक्टरांना कळवायचं. शिकवून दिलेला जबाब कोर्टात टिकत नाही, आणि दुसरा घेण्यापुरती ती कदाचित जगतही नाही.

महाराष्ट्रातल्या धर्मादाय कामातला सर्वात ठोस टप्पा त्वचापेढीचा. साठ-सत्तर टक्के भाजलेल्याच्या अंगावर स्वतःची त्वचा काढायला जागाच उरत नाही. अशा वेळी मृत व्यक्तीची त्वचा तात्पुरतं पांघरूण म्हणून लावतात. ती साधारण दोन-तीन आठवड्यांनी गळून पडते, पण तोवर पाणी आणि प्रथिनं झिरपणं थांबतं, वेदना कमी होते, जंतूंना वाट मिळत नाही, आणि जिथून रुग्णाची स्वतःची त्वचा एकदा काढली ती जागा भरून पुन्हा काढण्याजोगी होते. नेदरलँड्समध्ये १९७६ मध्ये त्वचापेढी सुरू झाली, ती पुढे ‘युरो स्किन बँक’ झाली. ग्लिसरॉलमध्ये त्वचा टिकवण्याची पद्धत तिने ऐंशीच्या दशकात रूढ केली. आपल्याकडे शीवच्या रुग्णालयात २००० साली त्वचापेढी उभी राहिली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरची त्वचापेढी २००९ मध्ये, रोटरीच्या साहाय्याने आणि युरो स्किन बँकेच्या तांत्रिक मार्गदर्शनाखाली सुरू झाली. २०११ च्या दुरुस्तीने अवयव प्रत्यारोपण कायद्यात ऊतींचाही समावेश झाला.

त्वचादान अडतं ते बहुतेक वेळा उशिरामुळे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचा काढावी लागते. आपल्याकडे मुलगा पुण्याहून येईपर्यंत वाट बघण्यात चार तास जातात, मग कुणाला तरी आठवतं. डोळे द्यायचे ठरले असतील, तर त्याच फोनमध्ये त्वचेचंही विचारावं. पथक घरीही येतं. जवळच्या नातेवाइकाची लेखी संमती आणि डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला हाताशी ठेवावा. दाता अठरा वर्षांवरचा हवा, रक्तगट जुळावा लागत नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सी, अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग किंवा त्वचेचा कर्करोग असेल, तर त्वचा घेत नाहीत. मांड्या, पाय आणि पाठीवरून कागदाइतका पातळ थर काढतात, अर्धा-पाऊण तास लागतो, मग त्या भागाला पट्ट्या बांधून देतात. चेहऱ्याला, हातांना हात लावत नाहीत. ‘अंग सोलतात, रक्त वाहतं’ ही भीती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात असते, तिला शांतपणे एवढंच उत्तर द्यावं. काढलेली त्वचा तपासण्या पार पडल्यावर ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, ४ ते ८ अंश तापमानाला, पाच वर्षांपर्यंत टिकते.

यापुढचा भाग मदत करणाऱ्यांच्या नजरेतून बहुतेक वेळा सुटतो. देणग्या पहिल्या पंधरवड्यात येतात, कारण तेव्हा बातमी ताजी असते. आणि जखम भरल्यानंतर व्रण फुगायला, ओढायला लागतो तो पुढची वर्ष-दीड वर्षं. साठच्या दशकात अमेरिकेतल्या ‘श्रायनर्स’ या धर्मादाय मंडळाने भाजलेल्या मुलांसाठी मोफत रुग्णालयं काढली. त्यांपैकी गॅल्व्हेस्टनच्या रुग्णालयात, सतत दाब दिला की फुगलेला व्रण सपाट होतो, हे दाखवून दिलं गेलं. त्यातून घट्ट बसणारे लवचीक कपडे, म्हणजे प्रेशर गार्मेंट, रूढ झाले. ते दिवसाचे २३ तास, साधारण १२ ते १८ महिने घालायचे. एक धुवायला, एक अंगात, म्हणून दोन जोड लागतात, आणि दोन-तीन महिन्यांत त्यांची ओढ सैल पडते. म्हणजे एक जोड देऊन फोटो काढला, तर ती मदत तिसऱ्या महिन्यात संपते. हे कपडे कोमट पाण्यात हाताने धुवावेत, पिळू नयेत, सावलीत वाळवावेत. मे महिन्यातल्या मुंबईत खाज आणि घामाने मुलं ते काढून टाकतात. त्यासाठी दिवसातून तीन-चार वेळा खोबरेल तेलाने किंवा डॉक्टरांनी दिलेल्या मलमाने चोळणं आणि रात्रीच्या खाजेचं औषध, यांचा खर्चही हिशेबात धरावा. आठवड्याला फिजिओथेरपीसाठी येण्याचं एसटीचं भाडंही धरावं. उपचार अनेकदा त्या भाड्यापायी थांबतात.

उशीचंच घ्या. मान भाजलेल्या माणसाला डोक्याखाली उशी दिली की बरं वाटतं. आई प्रेमाने दुमडून दुसरीही ठेवते. तीन आठवड्यांत हनुवटी छातीकडे ओढली जाते आणि मग शस्त्रक्रियेशिवाय वर होत नाही. बरं वाटणारी स्थिती हीच आकसण्याची स्थिती असते. मान भाजली असेल तर उशी नको, काख भाजली असेल तर हात अंगापासून काटकोनात, गुडघा सरळ, बोटांना स्प्लिंट, म्हणजे ती योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार. फिजिओथेरपिस्टने हे एकदा सांगितलेलं असतं, पण त्या दिवशी घरच्यांच्या कानात काही शिरलेलं नसतं. ते रोज पुन्हा सांगणं हे स्वयंसेवकाचं काम.

जेवणाचंही तसंच. वॉर्डात सफरचंदं आणि बिस्किटं वाटली जातात. मोठं भाजलेल्याला वजनाच्या किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला रोज ७५ ते १०० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास असतात. उकडलेली अंडी, दूध, घट्ट वरण, दाण्याचा लाडू द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कागदपत्रांत एक गैरसमज कायम भेटतो. ‘साठ टक्के भाजली’ म्हणजे साठ टक्के दिव्यांगत्व नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिड हल्ल्याच्या पीडितांचा स्वतंत्र उल्लेख आहे. स्टोव्हने भाजलेल्यांचा तसा नाही. सांधे आकसून हालचाल अडली असेल, तर त्यांनी हालचालीच्या दिव्यांगत्वाखाली अर्ज करायचा, आणि बहुतेक सवलतींसाठी त्या मोजणीत ४० टक्के भरावे लागतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भाजल्यावरचे उपचार बसतात, पण नव्या सुनेचं नाव अजून माहेरच्या रेशनकार्डावर असलं की गोंधळ उडतो. ते पहिल्या दोन दिवसांतच तपासावं.

शेवटी काम. बचत गट चांगल्या मनाने अशा बायकांना पोळी-भाजी केंद्रावर किंवा पापडाच्या भट्टीवर घेतात. त्वचारोपण केलेल्या जागेला घामाच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे उष्णता बाहेर पडत नाही आणि चक्कर येते. ज्योतीची धास्ती असते ती निराळीच. शिवणकाम, पॅकिंग, दुकानाचा गल्ला ही कामं जमतात. शिलाई मशीन देणार असाल, तर तिला आधी बोटांत कात्री धरायला लावा. मूठ किती मिटते आणि गुडघा किती वाकतो ते पाहून पायाचं मशीन द्यायचं की मोटारीचं ते ठरवा.