लायपेज हजारात आलं म्हणजे पेशंट सिरियस का? लायपेज आणि सीआरपी, दोन आकड्यांची गल्लत

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते, त्यामुळे रिपोर्टवर सही करण्याबरोबर नातेवाईकांचे फोन घेणं पण आलंच. त्यातला एक फोन अगदी ठरलेला. मामाला रात्री जेवल्यावर बेंबीच्या वर जोरात कळ आली, पाठीपर्यंत गेली, उलट्या थांबेनात म्हणून ॲडमिट केलं, आणि आता भाचा विचारतोय की मॅडम लायपेज २,४०० आलंय, नॉर्मल तर ६० पर्यंतच लिहिलंय, म्हणजे चाळीस पट झालं ना, मामा वाचेल ना? आणि त्याच वॉर्डात ज्याचं लायपेज ४०० आहे त्याच्या घरचे निवांत, की आपलं तर थोडंच वाढलंय. मला या निवांत लोकांची जास्त काळजी वाटते.

लायपेज आणि त्याचा भाऊ अमायलेज ही स्वादुपिंडाची, म्हणजे पॅन्क्रियाजची, पाचक द्रव्यं (एन्झाइम). चरबी आणि पिष्ट पचवायला ती आतड्यात उतरायला हवीत, पण ग्रंथीला अचानक सूज आली की पेशींमधून गळून रक्तात येतात. लायपेज दुखायला लागल्यापासून ४ ते ८ तासांत चढतं, साधारण दिवसभरात सगळ्यात वर जातं आणि आठवडा-दोन आठवडे वाढलेलं राहू शकतं. अमायलेज ३ ते ५ दिवसांतच उतरतं, म्हणून पेशंट उशिरा आला तर ते नॉर्मल पण दिसू शकतं. डॉक्टर बघतात ते एवढंच की आकडा नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट झाला का. तसं दुखणं, तिप्पट आकडा आणि सोनोग्राफी किंवा सीटीवरची सूज, या तिन्हीपैकी दोन गोष्टी जुळल्या की अक्यूट पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची अचानक आलेली सूज, पक्का. तिप्पट ओलांडल्यावर मग ते चौपट आहे की चाळीस पट, यावरून आजार किती गंभीर ते कळत नाही.

का कळत नाही, तर हा आकडा गळती किती झाली ते सांगतो, त्या गळतीवर शरीर किती पेटलंय ते नाही. पित्ताचा खडा नळीच्या तोंडाशी अडकला की एन्झाइम हजारांत जातात, खडा पुढे सरकला की पेशंट चार दिवसांत घरी जातो, असं कितीदा तरी बघितलंय. उलट वर्षानुवर्षं दारूने जी ग्रंथी आतून झिजलीय तिच्यात गळायला मालच कमी उरलेला असतो, मग आकडा बेताचा आणि पेशंट आयसीयूत. अजून एक, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १,००० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेल्यामुळे सूज आली असेल तर रक्ताची ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून, काढल्यावर वरचं सीरम पिवळसर पारदर्शक दिसायच्या ऐवजी दुधासारखं पांढरं दिसतं, आणि अशा नमुन्यात अमायलेज खोटं नॉर्मल येऊ शकतं. तसं सीरम दिसलं की मी रिपोर्ट टाईप व्हायच्या आधीच वॉर्डला फोन करते.

आता सीआरपी, म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. हे स्वादुपिंडातून येतच नाही, हे प्रथिन यकृत बनवतं. शरीरात कुठेही मोठा दाह सुरू झाला की इंटरल्युकिन-६ सारखे निरोप्ये यकृताला कळवतात आणि मग सीआरपी चढतं. म्हणजे गळतीनंतर अख्ख्या शरीराने किती कडक प्रतिक्रिया दिली त्याचं हे माप, म्हणून गंभीरतेचा अंदाज यावरून घेतात. पण निरोप पोचायला आणि माल तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे खरा आकडा ४८ ते ७२ तासांनी दिसतो. त्रास सुरू झाल्यापासून ४८ तासांनी सीआरपी १५० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल तर आजार गंभीर वळण घेऊ शकतो असं धरतात, आणि त्याच्या खाली असेल तर बराच दिलासा. पहिल्या रात्री सीआरपी १८ आलं म्हणून मात्र सुटकेचा निःश्वास टाकू नका, ते अजून चढायचंय.

इथे युनिट नक्की बघा प्लीज. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये, आणि १५ प्रति डेसिलिटर म्हणजेच १५० प्रति लिटर. एका लॅबचा १८ आणि दुसऱ्या लॅबचा १८ यात दहापट फरक असू शकतो, आणि लोक दोन्ही व्हॉट्सॲपवर शेजारी ठेवून 'स्टेबल आहे' म्हणतात.

मग पहिल्या २४ तासांत काय बघायचं? साधा सीबीसी आणि किडनीचा रिपोर्ट, ज्यांच्याकडे नातेवाईक बघत पण नाहीत. या आजारात रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि रक्त घट्ट होतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, ४४ टक्क्यांच्या वर असेल आणि सलाईन देऊनही २४ तासांत उतरत नसेल तर डॉक्टर सावध होतात, तसंच युरिया वाढत चालला तर. इथे पण गल्लत आहेच, आपल्याकडे रिपोर्टवर बहुतेक 'ब्लड युरिया' असतं आणि गंभीरतेच्या स्कोअरमध्ये बीयूएन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन, असतो, बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया. बीआयसॅप नावाच्या अशाच एका गंभीरतेच्या स्कोअरमधला बीयूएन २५ म्हणजे आपला युरिया साधारण ५३.

न्यूयॉर्कचे सर्जन जॉन रॅन्सन यांनी १९७४ मध्ये गंभीरता ओळखायला ११ निकष मांडले, ५ ॲडमिट होताना बघायचे आणि ६ पुढच्या ४८ तासांत. त्यात युरिया आहे, कॅल्शियम आहे, साखर आहे, पांढऱ्या पेशी आहेत. अमायलेज आणि लायपेज नाहीत.

सीआरपी पण देवाचा शब्द नाही हं. न्यूमोनिया झाला किंवा पित्तनळीत जंतुसंसर्ग झाला तरी ते चढतं. आणि 'सिव्हिअर' हा शिक्का रक्ताच्या कुठल्याच आकड्यावर लागत नाही, श्वास, किडनी किंवा रक्तदाब यापैकी काही बिघडून ४८ तासांनंतरही बिघडलेलंच राहिलं तरच लागतो.

त्या भाच्याचा तिसऱ्या दिवशी परत फोन आला, खुशीत होता, लायपेज २,४०० वरून ९०० झालं म्हणून. मी सीआरपी उघडून बघितलं, २३० प्रति लिटर, आणि युरिया तीन दिवसांत ३४ वरून ६१. त्याला म्हटलं, लायपेज राहू दे, आत्ता वर जा आणि डॉक्टरांना विचार की कालपासून लघवी किती झाली आणि ऑक्सिजन लावायला लागतोय का.