ब्रिटिश विद्यापीठे आणि आधुनिक गुलामगिरीचा प्रतिबंध

आधुनिक गुलामगिरीचा प्रतिबंध म्हणजे विद्यापीठाच्या आवारात, तसेच त्याला माल आणि सेवा पुरवणाऱ्या कंत्राटदारांकडे कुणी सक्तीने, कर्जापायी किंवा फसवणुकीने राबत नाही ना, हे शोधण्याची आणि आढळल्यास थांबवण्याची पद्धत. ब्रिटनमध्ये तिला 2015 च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याचा आधार आहे. मराठीत यासाठी ‘वेठबिगारी’ हा जुना शब्द आहे. ऊसतोडणी आणि वीटभट्टीवरची ‘उचल’ ज्याने पाहिली आहे, त्याला या गुलामगिरीचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही: आधी कर्ज, मग ते फिटेपर्यंत सुटका नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2022 च्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात 2 कोटी 76 लाख माणसे सक्तीच्या श्रमात होती.

या कायद्याचे कलम 54 वार्षिक उलाढाल 3 कोटी 60 लाख पौंड किंवा अधिक असलेल्या संस्थांना लागू होते. मोठी विद्यापीठे त्यात येतात. गुलामगिरी रोखण्यासाठी काय पावले उचलली याचे प्रत्येक आर्थिक वर्षाचे निवेदन नियामक मंडळाने मंजूर करायचे आणि संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर त्याचा दुवा द्यायचा. कलमाची कमजोरी मात्र मोठी आहे. ‘आम्ही काहीच पावले उचललेली नाहीत’ असे लिहिले तरी कायदा पाळला जातो. निवेदन न दिल्यास दंडही नाही. सरकार फार तर न्यायालयातून आदेश मिळवू शकते. त्यामुळे निवेदनाच्या भाषेपेक्षा विद्यापीठाचा खरेदी विभाग पुरवठादाराला काय विचारतो, हेच पाहायला हवे.

प्रयोगशाळेतल्या रबरी हातमोज्यांवरून हे स्पष्ट होते. जगातले बरेचसे हातमोजे मलेशियात बनतात आणि ते बनवणारे अनेक कामगार नेपाळ, बांगलादेशातून येतात. नोकरीसाठी दलालाला द्यायचे पैसे ते गावाकडे व्याजाने काढतात; पहिला पगार हाती पडण्याआधीच ते बांधले गेलेले असतात. जुलै 2020 मध्ये अमेरिकेने सक्तीच्या श्रमाच्या कारणावरून ‘टॉप ग्लोव्ह’ या बड्या कंपनीच्या दोन उपकंपन्यांचा माल बंदरातच अडवला. त्यानंतर कंपनीने कामगारांना दलालीची रक्कम परत देण्याचे मान्य केले. म्हणून ‘तुमच्याकडे गुलामगिरी आहे का?’ या प्रश्नाला काही अर्थ नाही. त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येणार. ‘कामगाराला नोकरी लावून देण्याचा खर्च कोणी भरला?’ असे विचारावे आणि पावती मागावी. संगणकांच्या बाबतीत एकट्या विद्यापीठाची ताकद तोकडी पडते. तेथे ‘इलेक्ट्रॉनिक्स वॉच’ ही संस्था सार्वजनिक खरेदीदारांना एकत्र आणून कारखान्यांवर देखरेख ठेवते.

धोका आवारातही असतो: सफाई, सुरक्षा, खानावळ, बांधकाम. कंत्राटात पोटकंत्राट शिरले की झाडू मारणारा माणूस नेमका कुणाच्या पगारावर आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. पासपोर्ट मुकादमाकडे असणे, अनेकांचे पगार एकाच बँक खात्यात जाणे, साऱ्यांचा पत्ता एकच असणे, या ठळक खुणा आहेत. सर्वांत कमी बोलीलाच कंत्राट देणारे विद्यापीठ ही पिळवणूक स्वतःच्या हाताने ओढवून घेते. भारतात 1982 च्या आशियाई खेळांच्या बांधकामांवरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हेही राज्यघटनेच्या अनुच्छेद 23 खालील सक्तीचे श्रम ठरवले. ती व्याख्या ब्रिटिश कायद्यापेक्षा अधिक व्यापक आहे.

बळी विद्यार्थीही असू शकतात. फेब्रुवारी 2023 मध्ये ब्रिटनच्या कामगार-शोषणविरोधी यंत्रणेने उत्तर वेल्समधील वृद्ध-शुश्रूषागृहांत 50 हून अधिक भारतीय विद्यार्थी पिळवणुकीचे बळी असल्याची शंका जाहीर केली. पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थी व्हिसावर सत्रकाळात साधारणपणे आठवड्याला 20 तासच काम करता येते. त्याहून जास्त राबवून घेणारा मालक ‘तक्रार केलीस तर व्हिसा जाईल’ एवढेच म्हणतो आणि पोर गप्प बसते. पुण्या-मुंबईहून कर्ज काढून गेलेल्या मुलामुलींनाही हा धाक तितकाच लागू आहे. म्हणून विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षाने पहिल्याच आठवड्यात, व्हिसाची भीती न घालता, मदत कुठे मिळेल हे सांगणे हा या प्रतिबंधाचाच भाग होय.