मुखत्यारपत्रावरील सभासदत्व (पुणे सार्वजनिक सभा)

लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणाऱ्या पुणे सार्वजनिक सभेने (स्थापना २ एप्रिल १८७०) सभासदत्वासाठी घातलेली अट. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान ५० जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र (आपल्या वतीने बोलण्याचा लेखी अधिकार) आणावे, असा नियम होता. त्यामुळे सभासद स्वतःपुरता न बोलता सह्या करणाऱ्यांच्या वतीने बोलतो, असे सभेला सांगता येई. आरंभीच्या ९५ सभासदांमागे सुमारे ६,००० सह्या होत्या असे सांगतात. म्हणजे दर सभासदामागे सरासरी ६० हून अधिक. किमान मर्यादेपेक्षा हा आकडा बराच वर जातो.

या अटीच्या उगमाबद्दल एकमत नाही. पर्वती देवस्थानच्या पंचांच्या कारभाराविषयी तक्रारी आल्या आणि लोकांच्या वतीने जाब विचारायचा तर तसा अधिकार कोणाला, हा प्रश्न पुढे आला. त्यातून सभा व तिची अट दोन्ही निघाली, ही कथा रूढ आहे. दुसऱ्या मताप्रमाणे पर्वतीचे प्रकरण निमित्तमात्र असून सभेची मुळे १८६७ च्या पूना असोसिएशनमध्ये शोधावी लागतात. दोन्ही मते परस्परांना छेद देतातच असे नाही. मात्र सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे गणेश वासुदेव जोशी (सार्वजनिक काका) वकील होते. पक्षकाराने लिहून दिल्याशिवाय त्याच्या वतीने उभे राहता येत नाही, हा कचेरीतला शिरस्ता त्यांच्या अंगवळणी असणार. अटीचे नेमके रूप बहुधा तेथूनच आले असावे. पर्वतीच्या वादातून गरज निर्माण झाली, नमुना नव्हे. मुंबईच्या बॉम्बे असोसिएशनवर (१८५२) शेटमंडळींचा पगडा होता. ‘तुम्ही कोणाचे प्रतिनिधी?’ या सरकारी आक्षेपाला पुण्याची सभा सह्यांचे कागद दाखवून उत्तर देऊ शकत होती.

प्रत्यक्षात सभासद बहुतेक सरदार, इनामदार, सावकार, वकील व सेवानिवृत्त सरकारी नोकर या वर्गांतले होते. औंधचे पंतप्रतिनिधी पहिले अध्यक्ष झाले. सह्या कोणाच्याही चालत असल्या, तरी त्या गोळा करण्याइतके वजन व सवड मोजक्यांपाशीच असे. चिटणिशी आणि दुष्काळाची माहिती जमवणे (१८७६–७७) अशी दैनंदिन कामे त्याहूनही थोड्यांच्या अंगावर पडत. न्या. म. गो. रानडे १८७१ मध्ये पुण्यास आल्यावर अर्ज-विनंत्यांच्या लेखनाला धार आली.

सभेचा ताबा कोणाकडे, हे मात्र मुखत्यारपत्रांवर नव्हे, तर सभासदांच्या अंतर्गत निवडणुकीवर ठरे. १८९५ मध्ये टिळकांच्या पक्षाने व्यवस्थापक मंडळात बहुमत मिळवले. चिटणीस गोपाळ कृष्ण गोखले बाहेर पडले आणि रानडे-गोखले पक्षाने १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली. पुढच्या वर्षी सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली.