क्रूगर राष्ट्रीय उद्यान : स्वतः गाडी चालवून प्राणी-पक्षी निरीक्षण

दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात वाटाड्या वा चालक न घेता, साध्या मोटारीतून स्वतः हिंडून वन्यजीव पाहण्याची प्रथा. उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौ. किमी. व उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ३६० किमी. आहे. पूर्वेस मोझँबीक, उत्तरेस लिंपोपो नदीपलीकडे झिंबाब्वे आणि दक्षिणेस क्रोकोडाइल नदी या त्याच्या सीमा होत. येथे ५०० हून अधिक पक्षिजाती आणि सुमारे १४७ सस्तन प्राणिजाती नोंदल्या गेल्या आहेत. नामिबियातील इटोशा, बोट्स्वानातील चोबे व मोरेमी येथेही अशी सफारी चालते. मात्र प्रथेचा सलग इतिहास क्रूगरमध्येच सर्वांत स्पष्ट दिसतो.

आरंभ : ट्रान्सव्हाल प्रजासत्ताकाने (या भागातील तत्कालीन बोअर राज्याने) मार्च १८९८ मध्ये साबी राखीव क्षेत्र घोषित केले, हा उद्यानाचा प्रारंभ मानला जातो. त्याचे श्रेय अध्यक्ष पॉल क्रूगर यांना किती द्यावे, याविषयी मतभेद आहेत. क्रूगर यांनी दूरदृष्टीने वन्यजीव वाचवले, ही परंपरागत मांडणी. इतिहासकार जेन कॅरदर्स यांच्या मते संवर्धनात त्यांचा वाटा मर्यादित होता. राष्ट्रीय उद्यानाचा १९२६ चा कायदा संमत करून घेताना आफ्रिकानेर (मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्या रहिवाशांचे) लोकमत अनुकूल व्हावे म्हणून त्यांचे नाव पुढे आणले गेले. या मताचे खंडनही झाले आहे आणि खंडन करणारे घोषणेच्या वेळी क्रूगर अध्यक्षपदी होते, याकडे बोट दाखवतात. तथापि नामकरणाचा काळ पाहता कॅरदर्स यांची बाजू अधिक सयुक्तिक वाटते. मूळ हेतू शिकारीच्या प्राण्यांची घटलेली संख्या भरून काढण्याचा असावा; पर्यटनाचा विचार बहुधा नंतरचा.

पहिले वनाधिकारी जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांनी १९०२ ते १९४६ या काळात हे क्षेत्र सांभाळले. रेल्वेने १९२३ मध्ये सुरू केलेल्या नऊ दिवसांच्या सहलींचा एक मुक्काम राखीव क्षेत्रात असे. जिवंत प्राणी नुसते पाहण्यासाठीही लोक पैसे मोजतात, हे त्यातून दिसले. ३१ मे १९२६ रोजी राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला. १९२७ मध्ये एक पौंड शुल्क घेऊन मोटारींना प्रवेश देण्यात आला. त्या वर्षी तीन मोटारी आल्या. १९२८ मध्ये १८० व १९२९ मध्ये ८५० आल्याचे सांगितले जाते. या भूमीवरील माणसांची हकिगत मात्र अशा वर्णनांत अनेकदा गाळली जाते. लुवुव्हू व लिंपोपो नद्यांमधील पाफुरी भागातून माकुलेके समाजाला १९६९ मध्ये हुसकावण्यात आले. १९९८ च्या तडजोडीने जमिनीची मालकी त्यांना परत मिळाली. तो भाग आजही उद्यानाचाच घटक आहे.

पद्धती : बंद मोटार हेच येथील लपण. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने प्राणी गाडीला धोका मानत नाहीत; मात्र दारातून माणूस बाहेर आला की तो तत्काळ ओळखला जातो. म्हणून ठरवून दिलेल्या जागा सोडून अन्यत्र उतरण्यास बंदी आहे. वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ५० किमी. व कच्च्या रस्त्यावर ४० किमी. असली, तरी निरीक्षणासाठी याच्या निम्मा वेगही पुष्कळ होतो. मुक्कामाच्या तळांची फाटके नोव्हेंबर ते जानेवारीत पहाटे साडेचारला, तर मे ते जुलैत सहाला उघडतात. पहिले दोन तास सर्वांत मोलाचे. दुपारी पाणवठ्यावर गाडी बंद करून बसावे. लोअर साबी तळाजवळचे सनसेट धरण व स्कुकुझा तळाजवळचे लेक पॅनिक येथील निरीक्षणगृह ही अशा निरीक्षणासाठी प्रसिद्ध ठिकाणे आहेत.

सिंह वा बिबट्या थेट दिसण्यापेक्षा इतर प्राण्यांच्या वागण्यातून बरेचदा आधी कळतो. एकाच दिशेला टक लावून उभे असलेले जिराफ, इंपाला हरणांचे फुरफुरणे, झाडावर उतरू लागलेली गिधाडे या खुणा महत्त्वाच्या. व्हर्व्हेट माकडांच्या इशाऱ्यांवर केनियातील अँबोसेली येथे सविस्तर अभ्यास झाला. बिबट्या, गरुड व साप यांसाठी त्यांचे आवाज वेगळे असल्याचे सेफार्थ, चेनी व मार्लर यांनी १९८० मध्ये दाखवले. २०१५ मधील फेरविश्लेषणात, ज्यात चेनी व सेफार्थ स्वतः सहभागी होते, हे आवाज इतर प्रसंगांतील आवाजांशी बरेच मिळतेजुळते आढळले. त्यामुळे त्यांना ‘शब्द’ म्हणण्याबाबत सावधगिरी बाळगणे इष्ट. गाडीत बसलेल्या निरीक्षकाला मात्र माकडे वर पाहतात की खाली, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो.

ऑक्सपेकर : म्हैस, गेंडा, जिराफ यांच्या अंगावर वावरणाऱ्या या पक्ष्यांच्या दोन जाती येथे आहेत, लाल चोचीची व पिवळ्या चोचीची. पिवळ्या चोचीची जाती दक्षिण आफ्रिकेतून विसाव्या शतकाच्या आरंभी नाहीशी झाली असावी. १८९६ च्या सुमारास बुळकांड्या रोगाने झालेला रानम्हशींचा संहार आणि गोचीड मारण्यासाठी गुरांना दिली जाणारी आर्सेनिकची आंघोळ, अशी दोन कारणे दिली जातात. १९७९ मध्ये ती क्रूगरमध्ये पुन्हा आढळली, बहुधा झिंबाब्वेकडून आलेली. या पक्ष्यांचा यजमानाला, म्हणजे ज्याच्या अंगावर ते वावरतात त्या प्राण्याला, उपयोग किती, हाही वादविषय आहे. ते गोचीड खातात, पण जखमा टोचून रक्तही पितात. झिंबाब्वेत गुरांवर केलेल्या व २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पक्षी दूर ठेवूनही गोचिडांच्या संख्येत लक्षणीय फरक पडला नाही. उलट २०२० मधील काळ्या गेंड्यांवरील अभ्यासात, पक्ष्यांच्या आवाजामुळे गेंडे माणसाची चाहूल लवकर घेतात, असे दिसले. नाते यजमानागणिक बदलत असावे, हे मत अधिक ग्राह्य ठरते.

पक्षी : ऑलिफंट्स नदीच्या दक्षिणेस गवताळ, बाभूळवर्गी व मारुला वृक्षांचा प्रदेश, तर उत्तरेस मोपाने या झाडांचे रान अधिक आहे. पक्षिवैविध्यही त्यानुसार बदलते. कोरी माळढोक, मार्शल गरुड, लॅपेट-फेस्ड गिधाड, दक्षिणी भूधनेश, सॅडल-बिल्ड करकोचा व पेलचे मासेमार घुबड या सहांची यादी पर्यटकांत रूढ आहे. घुबड बहुधा पाफुरीकडील नदीकाठीच शोधावे लागते. वणव्याच्या कडेला नीलपंख व किरमिजी राघू पळणारे कीटक टिपताना दिसतात. नोव्हेंबर ते मार्च या पावसाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात. त्यांतील अमूर ससाणा भारतीय वाचकाला जवळचा वाटावा. ईशान्य आशियातून निघून तो नागालँडमध्ये मोठ्या संख्येने थांबतो, भारतीय द्वीपकल्प व अरबी समुद्र ओलांडतो आणि दक्षिण आफ्रिकेत पोहोचतो. २०१३ मध्ये नागालँडमध्ये उपग्रह-यंत्रे बसवलेल्या पक्ष्यांनी हा मार्ग स्पष्ट केला. महाराष्ट्रातही स्थलांतरकाळात त्याच्या नोंदी आहेत.

ताडोबा वा पेंच येथे वाटाड्या बंधनकारक असतो. क्रूगरमध्ये नियम पाळण्याची जबाबदारी चालकावरच येते. वाहतूक भारताप्रमाणेच डाव्या बाजूने चालते. पावसाळ्यात हिवतापाची काळजी घ्यावी लागते. तळांवर दिवसभरात दिसलेले प्राणी रंगीत खुणांनी नोंदवणारे नकाशाफलक असतात. चोरट्या शिकाऱ्यांना सुगावा लागू नये म्हणून गेंड्यांच्या जागा त्यांवर दाखवणे टाळले जाते. मोबाइलवरून तत्काळ ठावठिकाणा कळवण्याच्या प्रथेने वेगाने गाड्या हाकणे व सिंहाभोवती गर्दी वाढली. २०१६ मध्ये उद्यान प्रशासनाने अशा अ‍ॅपच्या वापराविषयी जाहीर नाराजी व्यक्त केली.