घरच्या काचकामाच्या खोलीची हवा कितीला पडते?

गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीवर काच वितळवून मणी, पेंडंट, छोटे प्राणी बनवायचा नाद लागलेले लोक आता नागपुरातही भेटतात, आणि त्यांच्या गप्पा ऐकल्या तर सगळा हिशोब टॉर्च कितीचा, काचेच्या कांड्या कुठून मागवल्या, भट्टी किती वॅटची यातच अडकलेला असतो. एक्झॉस्टचा विषय निघाला की "खिडकी आहे ना" म्हणून संपला. खिडकी आहेच हो, पण मे अखेरच्या नवतपात ती उघडून आगीसमोर कोण बसणार?

आधी हवा बाहेर टाकायचीच कशाला ते बघू. गॅस जळला की कार्बन डायऑक्साइड आणि वाफ, ज्योत नीट जळत नसेल तर कार्बन मोनॉक्साइड, एवढं बहुतेकांना माहीत असतं. जास्त छुपा त्रास नायट्रोजन डायऑक्साइडचा. आता तुम्ही म्हणाल, टॉर्चला आपण एलपीजी आणि ऑक्सिजन देतो, कोरोनात घेऊन ठेवलेला कॉन्सन्ट्रेटर लावला तर तो नायट्रोजन गाळूनच टाकतो, मग हा आला कुठून? तर तो खोलीतूनच आला. ज्योत आजूबाजूची हवा ओढून घेते, त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन, एरवी तो कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण ऑक्सिजनवरची ज्योत अडीच हजार अंशांच्याही वर जाते आणि तिथे ऑक्सिजनचे सुटे अणू नायट्रोजनची जोडी फोडतात, आणि त्यातूनच पुढे हा वायू बनतो. ही साखळी याकोव्ह झेल्डोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मांडली, गाड्यांच्या इंजिनातही हेच चालतं. नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे नाकाघशात अडत नाही, खोल फुप्फुसात जातो, आणि जास्त गेला तर त्रास लगेच न होता कित्येक तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं. बाहेरच्या हवेसाठी आपल्याकडे २४ तासांची मर्यादा घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस तर २५ ची आहे. शिवाय पिवळ्या-नारिंगी-लाल कांड्यांमधे बरेचदा कॅडमियम असतं, काच जास्त तापवली की त्याचा धूर निघू शकतो. एन-९५ मास्क वायू अडवत नाही, तेव्हा तो घालून निश्चिंत होऊ नका.

म्हणजे हूड, धूर ओढून पाइपात नेणारा खोका, पाहिजे, आणि तो जवळ पाहिजे. मेणबत्ती फुंकर मारून हातभर अंतरावरून विझते, पण श्वास आत ओढून ओठांजवळ धरली तरी विझत नाही, पंख्याचंही अगदी तसंच. पाइपच्या तोंडाने हवा ओढली तर पाइपच्या व्यासाएवढ्या अंतरावरच ओढीचा वेग दहा टक्क्यांवर येतो. म्हणून भिंतीत वर कुठेतरी बसवलेला एक्झॉस्ट धूर ओढतो खरा, पण तो आधी तुमच्या नाकासमोरून जातो मग ओढतो. ज्योतीच्या मागे-वर, तीन बाजूंनी बंद असा पत्र्याचा खोका केला तर काम होतं.

किती हवा ओढायची याचा ढोबळ नियम असा की हूडच्या तोंडाशी मिनिटाला १०० फूट वेग मिळावा. तोंड तीन बाय दोन फुटांचं धरलं तर ६ चौरस फूट, म्हणजे ६०० सीएफएम (मिनिटाला घनफूट), तासाला साधारण १००० घनमीटर. दहा बाय दहाची खोली, दहा फूट उंची, तर पावणेदोन मिनिटांत खोलीभर हवा बाहेर! आणि पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, पुढे पाइप आणि वळणं आली की तो झपाट्याने उतरतो.

मनीषनगरला राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने गच्चीवरच्या खोलीत हा सेटअप केला, हूड बनवायला इतवारीतल्या लोहाओळीतून जीआय पत्रा आणला, आणि पत्र्याचं काम करणारा म्हणाला, "ताई, सहाइंचीच टाकून देऊ ना पाइप, काय फरक पडते?" फरक पडते बाप्पा! तेवढीच हवा न्यायची तर पाइपमधलं घर्षण व्यास कमी होईल तसं त्याच्या पाचव्या घाताने वाढतं, दहा इंचाच्या जागी सहा इंच घेतला तर जवळपास तेरापट. पाइपमधे वाचवलेले हजार रुपये मग मोठ्या ब्लोअरमधे जातात, आणि घरघर रोज ऐकायची ती वेगळीच. तिने दहाइंचीच घेतला, सरळ, एकच वळण. पातळ पन्नीचा तो लवचिक पाइप मात्र टाळा, त्याच्या चुण्या हवा अडवतात.

पंखा, पत्रा, पाइप हा एकदाचा खर्च. रोजचा खर्च लपलेला असतो तो बाहेर गेलेल्या हवेच्या जागी आत येणाऱ्या हवेत. हवा बाहेर टाकली तर तेवढीच आत येणार, दारं-खिडक्या बंद असतील तर पंखा नुसता फिरेल. थंड देशांमधे बाहेर उणे १० आणि आत २० अंश ठेवायचे तर ६०० सीएफएम हवा तापवायला दहा-अकरा किलोवॅट लागतात, म्हणून तिकडे या छंदात पंख्यापेक्षा हीटिंगचं बिल रडवतं. आपलं उलटं. दुपारी बाहेर ४५, आत २७ ठेवायचे म्हटले तर नुसती ही आत येणारी हवा गार करायला साडेपाच किलोवॅट उष्णता उपसावी लागते, म्हणजे दीड टनाच्या वरचा एसी फक्त तिच्यासाठी, खोलीचा आणि टॉर्चचा ताप वेगळा. शिवाय नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही, खोलीतलीच फिरवतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एसी उपसतो त्या उष्णतेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढीच वीज खातो, तेव्हा महिन्याला १०० तास काम धरलं तर या एका गोष्टीची वीज २०० युनिटच्या आसपास, दहा रुपये युनिटने दोन हजार.

आणि इथे नागपूरकरांचं नशीब. आपला कूलर बाहेरचीच हवा आत ढकलतो, त्याला चालायला हवा बाहेर जायला वाट लागतेच, एक्झॉस्टशी त्याचं जमतंच. मे महिन्यात ४४ अंश आणि १८ टक्के दमटपणा असेल तर ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचं तापमान २४-२५ च्या घरात असतं, कूलर हवा फार तर तेवढीच गार करू शकतो, वाळ्याची किंवा वुडवूलची ताटी नीट भिजलेली असेल तर आत येणारी हवा तिशीच्या आसपास मिळते. दीडशे वॅटचा एक्झॉस्ट आणि दोनशे वॅटचा कूलर मिळून १०० तासांचे ३५ युनिट, साडेतीनशे रुपये. पाणी मात्र लागतं, १००० घनमीटर हवेला तासाला साधारण साडेसहा लिटर नुसतं उडून जातं, ज्यांच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो त्यांनी हेही धरावं. जुलै-ऑगस्टमधे कूलरचा गारवा नसतोच, चिकचिक होते, तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा, बाहेर तिशीच्या आसपासच असतं.

पण कूलर तसाच लावून दिला तर वेगळी पंचाईत. मोठा कूलर हूडच्या पंख्यापेक्षा दुप्पट-तिप्पट हवा आत ढकलतो, उरलेली हवा जाणार कुठे? दाराखालच्या फटीतून जिन्याकडे, आणि जिन्यातून खाली स्वयंपाकघरात, जाताना टॉर्चचा माल घेऊनच. मैत्रिणीने उदबत्ती लावून बघितलं, धूर सरळ दाराखाली. दुसरं म्हणजे कूलर पाठीमागे असेल तर वारा अंगाला वळसा घालतो, छातीसमोर भोवरा तयार होतो आणि हूडकडे जायचा धूर तोंडाकडे येतो. टेबलावर आडवा झोत आला तर ज्योतही फडफडते, मण्याच्या एका बाजूला काच थंड पडून तडा जातो. आता तिने कूलर बाजूच्या खिडकीत, एक नंबरवर, पट्ट्या छताकडे वळवून ठेवलाय, हूडच्या बाजूची एक झडप उघडी असते म्हणजे जास्तीची हवा तिथून जाते, आणि दाराला खालून रबरी पट्टी मारली. उदबत्ती आता हूडकडे वळते, ताटी वाळली आणि हवेचा जोर बदलला की मैत्रीण उदबत्ती परत लावून बघते.