विहीर तिरकी झाली आणि गणित बिघडलं

जुहूहून हेलिकॉप्टरने समुद्रातल्या तेलविहिरी खणणाऱ्या रिगवर उतरलो की बॅग टाकायची आणि आधी शेल शेकरपाशी जायचं, ही माझी सवय. शेल शेकर म्हणजे सतत थरथरणारी मोठी चाळण, विहिरीतून वर आलेला मड, म्हणजे खणताना पंपाने आत सोडलेला चिखलासारखा द्रव, तिच्यातून खाली गळतो आणि दगडाचा चुरा, म्हणजे कटिंग्ज, पुढे सरकत सरकत काठावरून पडतो. मूठभर चुरा हातात घेऊन बघायचो. कडा धारदार असतील तर ठीक, झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर समजायचं की हा माल आतच बराच वेळ घोळत होता, वेळेत वर आलेला नाही. आता हे सगळं कॉम्प्युटरवर मॉडेल करतात, आणि नवीन पोरं विचारतात की चुरा वर आणण्यात एवढं काय आहे, पंप जोरात चालवा की! म्हणून ही थोडी मागची गोष्ट.

१८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात ड्रेकने तेलाची विहीर खणली तेव्हा जड छिन्नी आपटून दगड फोडायचे, मग ती बाहेर काढायची, नळकांडं सोडून गाळ उपसायचा, परत छिन्नी आत. म्हणजे खोदकाम कमी आणि उपसा जास्त. खरं तर त्याआधीच, १८४५ च्या सुमारास, फ्रान्समध्ये फोव्हेल नावाच्या माणसाने पोकळ दांड्यांतून पाणी सोडून चुरा वाहून वर आणायची युक्ती काढली होती, त्याने पाण्याची विहीर सुमारे १७० मीटर खणली ती २३ दिवसांत. पण तेलवाल्यांनी ती मनावर घ्यायला १९०१ चं स्पिंडलटॉप उजाडलं. टेक्ससमधल्या त्या विहिरीत भुसभुशीत वाळू ढासळत होती, नुसतं पाणी टिकत नव्हतं, तेव्हा म्हणे डबक्यात गुरं फिरवून पाण्याचा चिखल केला आणि तोच विहिरीत सोडला. आमचा मड इंजिनिअरचा धंदा त्या गुरांच्या खुरांतून निघाला असं मी गंमतीने सांगतो.

मग गणित आलं. पाइपमधून मड खाली जातो, टोकाच्या दगड फोडणाऱ्या बिटमधून बाहेर पडतो, आणि पाइप व विहिरीची भिंत यांच्यामधल्या फटीतून, म्हणजे ॲन्युलसमधून वर येतो. दगडाचा कण खाली पडायला बघतो, मड त्याला वर ढकलतो, जो जिंकेल तो. कण किती वेगाने पडेल याचं स्टोक्सचं सूत्र १८५१ पासून होतंच, पण ते गोल, बारीक, संथ पडणाऱ्या गोळीसाठी, आणि आमचे कण चपटे, वेडेवाकडे. शिवाय मड म्हणजे पाणी नाही, ढवळला की पातळ आणि थांबला की दह्यासारखा जमतो. असल्या पदार्थांची सूत्रंही दुसरीकडूनच आली, बिंगहॅमने रंगांचा अभ्यास केला होता आणि १९२६ मध्ये हर्शेल आणि बल्कलेने बेंझिनमध्ये विरघळवलेल्या रबराचा. रिगवर मात्र १९३१ चं मार्श फनेल अजून चालतं, नरसाळ्यातून ९४६ मिलिलिटर मड गळायला किती सेकंद लागतात ते मोजायचं, पाण्याला २६.

१९५१ मध्ये विल्यम्स आणि ब्रूस या संशोधकांनी सांगितलं की मड मिनिटाला १०० ते १२५ फूट वेगाने वर आला तर काम भागतं. सरळ विहिरीपुरता प्रश्न बऱ्यापैकी सुटला.

पण समुद्रात सरळ विहिरी परवडत नाहीत. आपल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राचंच घ्या, १९७४ मध्ये सागर सम्राट या रिगने तिथे तेल शोधलं, किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर, तिथे प्रत्येक विहिरीला वेगळा प्लॅटफॉर्म कोण बांधणार? एकाच प्लॅटफॉर्मवरून चारी दिशांना तिरक्या विहिरी काढतात. आणि तिरकी झाली की जुनं सूत्र गडबडतं, कारण कणाला आता तळापर्यंत पडायची गरजच नाही, बाजूच्या भिंतीपर्यंत दोन-चार इंच पडलं तरी त्याचं काम झालं.

हे मला नीट कळलं ते रिगवर नाही, गिरगावात वहिनीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये. ईएसआरच्या, म्हणजे रक्तातल्या पेशी किती वेगाने खाली बसतात ते मोजायच्या नळ्यांचा स्टँड बघता बघता माझा कोपर लागून जरा कलला, तर ती ओरडलीच, "अहो भावोजी, नळी तिरकी झाली तर पेशी भराभर खाली बसतात, रिपोर्ट चुकेल!" नंतर शोधलं तर १९२० मध्ये बॉयकॉट नावाच्या ब्रिटिश पॅथॉलॉजिस्टने हेच लिहून ठेवलेलं. कण खालच्या भिंतीला टेकतात, वरच्या भिंतीला स्वच्छ द्रवाचा पातळ थर बनतो आणि वर पळतो, आणि गाळ आणखी जोरात खाली घसरतो. तेलवाल्यांच्या अडचणीचं मूळ रक्ताच्या नळीत सापडावं, कमाल आहे.

त्यावर जोरात काम झालं ते ऐंशीच्या दशकात. १९८६ मध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा विद्यापीठात टॉमरेन आणि मंडळींनी कोन बदलता येईल अशी नळी वापरून प्रयोग केले आणि दिसलं की उभ्या रेषेपासून ३५ ते ५५ अंशात सगळ्यात वाईट हाल, गाळाचा थर साचतो आणि शिवाय दरड कोसळल्यासारखा मागे घसरतो. मग मॉडेलवाल्यांनी खाली गाळाचा थर आणि वर वाहता मड असे दोन थर धरले (१९८९, गॅव्हिग्ने आणि सोबी), नंतर कुणी तीन. लार्सन या संशोधकाच्या कामातून दिसलं की ५५ अंशांच्या पुढे सेकंदाला ३ ते ४ फूट, म्हणजे मिनिटाला १८० ते २४० फूट वेग लागतो, म्हणजे सरळ विहिरीच्या जवळपास दुप्पट. तेव्हा पंप जोरात चालवा म्हणणं बरोबर, पण तेवढ्या दाबाने आपल्या चुनखडीच्या भेगांत मड गायब होतो त्याचं काय? म्हणून पाइप फिरवत ठेवणं महत्त्वाचं, फिरता पाइप खाली बसलेला गाळ उचलून वरच्या वेगवान धारेत टाकतो. न फिरवता खणायची वेळ आली की गाळ साचलाच समजा.

साडेआठ इंची भोक एक मीटर पुढे गेलं की साधारण ३७ लिटर दगड सुटतो. मॉडेल सांगतं आत्तापर्यंत किती वर यायला हवा होता, शेकर सांगतो किती आला, आणि रात्री दोनला शेकरवर नुसता मड गळताना दिसला की मी ड्रिलरला फोन लावायचो, आता खणू नका, पंप चालू ठेवा, पाइप फिरवा.